मुरमाची बखर

मराठी भाषा फार श्रीमंत आहे असं आम्हांला शाळेत सांगत. असेलही. पण श्रीमंत माणसं जशी नको तिथं काटकसर करतात, तशी तीही करते. पाण्याला तिच्याकडे जल, नीर, उदक, तोय असा रग्गड साठा. आणि रस्त्यावर पसरायची तांबूस खडकाळ माती अन् सोळा वर्षांच्या मुलीच्या गालावर उगवणारी पुटकुळी, या दोघींत मिळून शब्द एकच : मुरूम.

पौडाच्या पुढं, मुळशी धरणाच्या अलीकडं आमचं एक लहानसं घर आहे. त्याला मी फार्महाऊस म्हणत नाही, कारण तिथं फार्म नाही. आणि पावसाळ्यात हाऊस तरी राहतं की नाही अशी शंका येते. मुळशीचा पाऊस पडत नाही, राहायला येतो. तो गेला की मुख्य रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंतचा रस्ताही त्याच्याबरोबर गेलेला असतो आणि दर दिवाळीला मला मुरूम विकत घ्यावा लागतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत नात आमच्याकडे आली होती. तिथं फोनला रेंज नसते, म्हणून मी पडवीच्या कोपऱ्यात उभा राहून ओरडत होतो :

"मुरूम कसाय? लालसर आहे ना? गेल्या वेळी फारच बारीक होता हो! या वेळी चांगला टपोरा पाहिजे. आणि मधे मधे नको, सगळीकडे पसरलेला पाहिजे!"

आत धाडकन दार आपटलं. नात जेवायला आली नाही.

"पोरीच्या तोंडावर असं बोलतात?" सौ. म्हणाली.

"तोंडावर नाही, रस्त्यावर! दोन ब्रास!" मी म्हणालो. पण ब्रासचा खुलासा करून कुठल्याही घरात आजवर शांतता झालेली नाही.

प्रायश्चित्त म्हणून मीच नातीला पुण्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. (चांदणी चौकातले नवे पूल २०२३ साली झाले, तेव्हापासून मी कुठं जायचं ते पूल ठरवतात. त्या दिवशी त्यांनी आम्हांला आधी बंगळूरच्या दिशेला पाठवलं.) डॉक्टरीणबाईंनी नातीचा चेहरा भिंगातून पाहिला आणि एक मलम लिहून दिलं. ट्रेटिनॉइन, ०.०२५ टक्के. रात्री लावायचं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या एका दाण्याएवढं. पहिले काही दिवस एक दिवसाआड. सकाळी उन्हात जाताना संरक्षक मलम. पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्रास वाढल्यासारखा वाटेल, साल निघेल, घाबरायचं नाही. गुण तीन महिन्यांनी.

"तीन महिने?" नात किंचाळली. तिच्या पिढीला दोन मिनिटांत नूडल्स होतात.

"आणि मुरमावर नाही हं लावायचं," बाई म्हणाल्या, "सगळ्या चेहऱ्यावर. जे दिसतायत त्यांच्यासाठी हे औषध नाही. जे अजून दिसत नाहीत त्यांच्यासाठी आहे."

हे वाक्य ऐकून मी चमकलो. सरकारी खात्यांनी हे तत्त्व पाळलं असतं तर मला दर दिवाळीला दोन ब्रास लागले नसते.

माझे स्वतःचे मुरूम १९७१ सालचे. सोळावं सरलं होतं आणि माझा चेहरा डोंगराळ भागाच्या नकाशासारखा झाला होता. आई सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावी. आजीचा विश्वास हळद, साय आणि डाळीच्या पिठावर. त्यामुळं संध्याकाळी माझ्याकडे पाहून कुणालाही भजी तळावीशी वाटत. काकांचं निदान एकच, कुठल्याही रोगाला : पोट. त्यांनी तीन महिने त्रिफळा दिला. पोट इतकं साफ झालं की अभ्यासाला बसणं कठीण झालं. मुरूम जागच्या जागी. शेजारच्या काकू म्हणत, "काही करू नका, लग्न झालं की जातात." पण या चेहऱ्याला मुलगी कोण देणार, हे त्या सांगत नसत. डिसेंबरात युद्ध सुरू झालं, दिवे झाकायची पाळी आली, तेव्हा सगळं गाव चिंतेत आणि मी एकटा सुखात.

आता मला कळतं की त्याच १९७१ साली अमेरिकेत हे ट्रेटिनॉइन मुरमांवरचं औषध म्हणून मंजूर झालं. मी सहाणेजवळ बसलो होतो तेव्हा! नशिबाची अशी चुकामूक झाली की माणूस इतिहासाकडे वळतो. मीही वळलो. निवृत्त बँकवाल्याला दुसरं काय काम?

बखर सुरू होते आपल्याकडेच. सुश्रुतानं या रोगाला मुखदूषिका असं नाव दिलंय आणि तरुणांच्या तोंडावरच्या या पिडका शाल्मलीच्या काट्यांसारख्या असतात म्हटलंय. शाल्मली म्हणजे काटेसावर. आमच्या मुळशीच्या उतारांवर ती जागोजाग उभी आहे. मी मुद्दाम जाऊन खोड पाहिलं. खालून रुंद, वर टोकदार, शंकूच्या आकाराचे टणक काटे. थेट माझा १९७१ चा गाल! पुढच्या ग्रंथकारांनी लोध्र, धणे, वेखंड यांचे लेप सांगितले. आमचे काका एवढे आयुर्वेदाभिमानी, पण हे काही त्यांनी वाचलं नव्हतं. ते थेट पोटात शिरले.

यापुढची बखर उंदरांची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या शेतकी कॉलेजात एल्मर मॅक्कॉलम नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना आहाराचे प्रयोग उंदरांवर करायचे होते. कॉलेजच्या प्रमुखांना ते पटेना. शेतकी कॉलेजानं उंदीर मारायचे की पाळायचे? (बिनतोड प्रश्न आहे.) मॅक्कॉलमनी मग शिकागोच्या एका विक्रेत्याकडून डझनभर पांढरे उंदीर स्वतःच्या पैशांनी आणले. मार्गरीट डेव्हिस या मदतनीस बाईंनी ते सांभाळले, तेही पहिली काही वर्षं बिनपगारी. १९१३ साली दोघांनी जाहीर केलं की लोणी किंवा अंड्याचा बलक खाणारे उंदीर वाढतात आणि डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचं तेल खाणारे खुंटतात. म्हणजे लोण्यात चरबीखेरीज आणखी काहीतरी आहे. आमच्या आजीला हे बाराशे मैलांवरून... छे, बारा हजार किलोमीटरांवरून ठाऊक होतं. पण तिनं निबंध लिहिला नाही. या 'काहीतरी'चं पुढं अ जीवनसत्त्व झालं.

हे जीवनसत्त्व नसलं की आधी रातांधळेपणा येतो. आपल्या सरकारनं १९७० साली लहान मुलांना त्याचे डोस द्यायची योजना सुरू केली ती त्यासाठीच. माझ्या पिढीला घरीच कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत. शुद्ध शाकाहारी घरात, जानव्याला हात लावून, नाक दाबून! ते तेल प्यायल्यावर दिवसभर आपण मुंबईच्या ससून डॉकवर उभे आहोत असं वाटे.

पण मुरमांशी संबंध जुळला तो वोल्बाख आणि हाउ या दोघांमुळं. १९२५ साली त्यांनी दाखवलं की अ जीवनसत्त्व तोडलेल्या उंदरांच्या शरीरातली मऊ अस्तरं कडक, खरखरीत कातडीसारखी होतात. म्हणजे कातडीनं किती कडक व्हायचं याचा हुकूम हे जीवनसत्त्व देतं. मुरमाचं मूळ तिथंच आहे. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक नळी असते. तिच्यातून तेल वर येतं. वयात येताना तेलाचा पुरवठा वाढतो आणि त्याच वेळी नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी गळून जायच्या ऐवजी एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. तेल तुंबतं, जंतू सुखावतात, भिंत सुजते, आणि सकाळी आरशासमोर रडारड. म्हणजे सगळा प्रश्न ड्रेनेजचा! १९४३ साली एका अमेरिकन डॉक्टरनं पोटातून अ जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस देऊन पाहिले. पण तेवढ्या मात्रेत ते यकृताला झेपत नाही. १९४६ साली हॉलंडमध्ये आरेन्स आणि फान डोर्प यांनी या जीवनसत्त्वाचं आम्ल तयार केलं, तेच हे ट्रेटिनॉइन. जर्मनीत श्ट्यूटगेन यांनी १९६२ च्या सुमारास ते कातडीवर लावून पाहिलं. उपयोग दिसत होता, पण आग फार. आणि मग १९६९ साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी, फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांबरोबर, मुरमांवर त्याचा गुण पक्का करून दाखवला. पेशी चिकटू देत नाही, बूच सैल करतं, नवं बसू देत नाही. पावसाळ्याआधी नाले साफ केल्यासारखं.

इथवर वाचून मी क्लिगमनसाहेबांना मनोमन नमस्कार केला. पुढं वाचायला नको होतं.

क्लिगमन मुळात बुरशीचे तज्ज्ञ. १९५१ साली फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना बुरशीचा रोग झाला म्हणून त्यांना बोलावलं. ते गेले आणि तिथंच रमले. १९७४ पर्यंत त्या तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालले : साबण, मलमं, सौंदर्यप्रसाधनं, सैन्यासाठी मेंदूवर परिणाम करणारी रसायनं, एका कंपनीसाठी डायॉक्सिनसारखं जहरसुद्धा. कैदी बहुतेक गरीब, पुष्कळसे काळे. कित्येकांचा खटलाही उभा राहिला नव्हता, जामिनाला पैसे नव्हते म्हणून आत. पाठीच्या चौकोनाचे काही डॉलर मिळत. त्यातून जामीन भरता येई, म्हणून सही करत. अंगाला काय फासतायत ते नीट सांगितलेलं नसे. आपलं ट्रेटिनॉइनही या तुरुंगातून गेलेलं आहे. क्लिगमननी १९६६ साली एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं की तुरुंगात पाऊल टाकलं तेव्हा मला समोर फक्त एकरच्या एकर कातडी दिसली. शेतकऱ्याला पहिल्यांदा सुपीक शेत दिसावं तशी. अ‍ॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच या 'एकर कातडी'वरून ठेवलं.

(जाता जाता : तळकट आणि गोड खाऊन मुरूम येतात की नाही हा वादही याच मंडळींनी १९६९ साली एका प्रयोगानं मिटवला. चॉकलेटचा काही संबंध नाही, असं ठरलं. प्रयोगात कैदी होते आणि मदतीला चॉकलेट उत्पादकांची संघटना. पुढं त्या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली. माझी भजी तेवढी उगाच बंद झाली होती की काय, हे कळायला मार्ग उरला नाही.)

संध्याकाळी शेजारचे आबा चहाला येतात. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. जगातली प्रत्येक गोष्ट ते गुंठ्यात मोजतात. मी त्यांना ही एकरांची गोष्ट सांगितली. आबा बशीतला चहा निवेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले,

"शेत कुनाचं व्हतं पन?"

"अं?"

"त्याला शेत दिसलं म्हनता. सातबारा कुनाच्या नावावर व्हता?"

आबांना हा प्रश्न विचारायचा वंशपरंपरागत हक्क आहे. त्यांच्या आज्याची भातखाचरं मुळशीच्या तळ्याखाली आहेत. टाटांच्या कंपनीनं मुंबईला वीज द्यायला इथं धरण काढलं, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला मावळे बांधकामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्या सत्याग्रहात सेनापती झाले ते कायमचे. तीनेक वर्षांत सगळं संपलं, धरण झालं, पाणी भरलं आणि १९२७ पासून खाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. जमिनी पुष्कळशा पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. मोबदला घ्यायला ते तयार होते, मावळे नव्हते. मी मूळचा सदाशिव पेठेचा. आबा हा भाग सांगतात तेव्हा मी बिस्किटांची बशी पुढं करतो.

"मानसाला कातडी किती असती?" आबांनी विचारलं.

मी पुस्तकात पाहून सांगितलं, सुमारे वीस चौरस फूट. आबांनी डोळे मिटले. गुंठ्याचे चौरस फूट एक हजार एकोणनव्वद, एकराचे चाळीस गुंठे. ओठ हलत होते.

"म्हंजी गुंठ्याला चौपन-पंचावन मानूस," ते म्हणाले. "एकराला बावीसशे."

मी नंतर कॅलक्युलेटरवर करून पाहिलं. २१७८. बँकेत चाळीस वर्षं काढून मला हा हिशेब सुचला नव्हता.

"आन पैसा कुनाला?"

पेटंट होतं, मी सांगितलं. डॉक्टरना आणि विद्यापीठाला त्यातून भरपूर रॉयल्टी मिळाली. कैद्यांना नाही. सुमारे तीनशे जणांनी २००० साली दावा लावला, तो मुदतीबाहेर म्हणून निकालात निघाला.

"आपल्याकडं मुरूम काढायचा तर तहशिलीत रॉयल्टी भरावी लागती," आबा म्हणाले. "तिकडंबी मुरमाला रॉयल्टी हायेच म्हना की. फकस्त ज्याच्या जिमिनीतनं काढला त्येला न्हाई."

मग माफीचं सांगितलं. क्लिगमन २०१० साली वारले, अखेरपर्यंत आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. विद्यापीठानं २०२१ साली माफी मागितली, शहरानं २०२२ साली. आबा म्हणाले, "मागितली ना? बरं झालं," आणि उठले. धरणाबद्दल त्यांच्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

इकडं तिसऱ्या आठवड्यात नातीचा चेहरा आणखी बिघडला. साल निघाली, जुनी बुचं सैल होऊन वर आली. फोनवर रडारड. मी बखरीतले सगळे दाखले देऊन धीर दिला. त्यात उंदीर आले आणि ती जास्तच रडली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोन रात्रींआड लावायला सांगितलं, तेव्हा निभावलं. नाताळात ती मुळशीला आली आणि तिनंच आबांच्या नातीकडे माझं लक्ष वेधलं.

आबांची नात पिरंगुटला नोकरी करते. तिच्या लग्नाचं बघत होते. मुलगी सावळी, चांगली, ठसठशीत. चार-दोन स्थळांकडून 'रंग जरा' असं आलं आणि कुणीतरी एक मलम सुचवलं. महिन्याभरात उजळली, म्हणून वर्षभर लावलं. आता चेहरा लालभडक. बारीक लव आलेली, मुरूम ठिकठिकाणी. एक दिवस लावलं नाही तर चेहऱ्याची आग. माझ्या नातीनं ट्यूब उलटी करून नावं वाचली : हायड्रोक्विनोन, मोमेटासोन आणि... ट्रेटिनॉइन.

मी पुन्हा बखरीकडे. काळ्या डागांसाठी अशा तीन औषधांचं मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली मांडलं होतं. फक्त त्यातलं स्टेरॉइड वेगळं होतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे, डागांपुरतं वापरायची ती गोष्ट. आपल्याकडे ती गोरं व्हायला म्हणून महिनोन् महिने दाढीच्या साबणासारखी फासली जाते. चेहऱ्याची वाट लावतं ते त्यातलं स्टेरॉइड. हे इतकं वाढलं की अशा चेहऱ्याला आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी वेगळं नाव दिलं आणि २०१८ साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम चिठ्ठीवर राहिला. ट्यूब बाजारात मिळाली.

"ह्योच मानूस पुन्ना?" आबांनी विचारलं.

"मिश्रण त्याचंच. पण त्यानं कुणाला वर्षभर लावायला सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. इतिहास लिहिणाऱ्यानं न्यायानं वागावं.

दोन्ही मुलींना घेऊन मी पुन्हा चांदणी चौक ओलांडला. बाईंनी आबांच्या नातीचं ते मलम बंद केलं, आग कमी करणारं साधं काहीतरी दिलं, काही महिने लागतील म्हणाल्या. लग्न ठरलं की मला आधी सांग, असंही म्हणाल्या; या जातीची औषधं दिवस असताना वापरत नाहीत. मग थांबून विचारलं, "रंगावरून कोण बोललं तुला?" आबांची नात काही बोलली नाही. माझ्या नातीनं तिचा हात धरला होता. परतताना दोघी मागच्या सीटवर फोनमध्ये डोकी घालून हसत होत्या, पौडपर्यंत.

फेब्रुवारीत तीन महिने पुरे झाले. नातीचे गाल बऱ्यापैकी साफ. ट्यूब मात्र हिशेबापेक्षा लवकर संपली. रोज मटारचा दाणा, दिवस इतके, म्हणजे शिल्लक इतकी. मी बँकेत होतो, मला तूट कळते. चौकशीअंती सौ. नं कबुली दिली. १९८८ साली मिशिगनच्या डॉक्टरांनी या मलमानं सुरकुत्या कमी होतात असं छापलं तेव्हा अमेरिकेतल्या बायकांनी दुकानं रिकामी केली होती. आमच्या घरी ती लाट अडतीस वर्षांनी आली. "काही फरक दिसतोय का?" तिनं विचारलं. मी चष्मा पुसून पाहिलं आणि दिसतोय म्हणालो. बाकी बखरीत मी कुठं खोटं लिहिलेलं नाही.

तळ्याच्या काठानं काटेसावरी लालबुंद फुलल्या होत्या, अंगावर एक पान नाही. आबा म्हणाले, हिचे काटे कोवळेपणीच. झाड म्हातारं झालं की बुंधा गुळगुळीत होतो. सुश्रुतानं हे लिहिलंय का ते पाहायचं राहिलं आहे. तेवढ्यात फोन वाजला. मुरूमवाला होता. दिवाळीचे पैसे मागत होता. मी पडवीच्या कोपऱ्यात गेलो, आणि आतून दोन्ही मुली एकदम ओरडल्या, "आजोबा, हळू!"